तिघींचं लायसन

आमचे शेटजी मोतीलालजी देवावर पूर्ण विश्वास ठेवतात आणि माणसावर अर्धा. कंप्युटरवर किती ठेवायचा ते सोयीप्रमाणे ठरवतात, हे मला दोन हजार आठच्या दसऱ्याला कळलं. मी त्यांचा दिवाणजी. अण्णाजी म्हणतात मला. हिशेब लिहिण्यात जन्म गेल्यामुळे माणसाच्या बोलण्यातली वजाबाकी मला चटकन दिसते आणि दिसली की गप्प बसवत नाही. शेटजींनी मला अजून काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा असेल किंवा माझं अक्षर चांगलं असेल.

कारंज्याला नागपूर-अमरावती हायवेला लागून शेटजींचा धर्मकाटा आहे. धर्मकाटा म्हणजे अख्खा ट्रक तोलायचा काटा. संत्री असो, कापूस असो, ट्रक आधी आमच्या काट्यावर चढतो, आत कंप्युटरवर वजन उमटतं आणि पावती निघते. काट्याला लागून ट्रान्सपोर्टचं बुकिंग आणि त्यामागे खत-बियाण्याचं दुकान. तीन धंद्यांचे तीन कंप्युटर होते. तिघांवर पुण्याच्या एका कंपनीचा प्रोग्राम चाले, आणि दर वर्षी तिघांचं वेगवेगळं लायसन भरावं लागे. धूळ, उकाडा आणि सारखी जाणारी विजेची लाइन यांच्यामुळे ते तिघं आळीपाळीने रुसून बसत. एकाची समजूत काढावी तोवर दुसरा डोळे मिटायचा.

समजूत काढायचं काम गुंजनचं. गुंजन म्हणजे शेटजींची सून, आर्वीची मुलगी, नागपूरला कंप्युटरचं शिकलेली. लग्न झालं तेव्हा शिक्षणाचं सगळ्यांना कौतुक वाटलं आणि मग तिला स्वयंपाकघर दाखवण्यात आलं. एकदा काट्याचा कंप्युटर बंद पडला आणि ट्रकची रांग धाब्यापर्यंत गेली. तेव्हा ती पिठाचे हात पुसत ऑफिसात आली आणि तिने तो चालू करून दिला. त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. सकाळचा स्वयंपाक आटोपून यायची आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत जायची. मधल्या वेळात धंदा ती चालवायची.

पण मस्टरवर तिचं नाव नव्हतं. मस्टरवर नावं तीन: मी, काट्यावरचा कवडू, आणि शेटजींचा चिरंजीव अंकित. अंकित हा गुंजनचा नवरा, मनाने चांगला मुलगा. ऑफिसात मात्र तो पाहुण्यासारखा यायचा, चहा घ्यायचा आणि आठवड्याच्या सह्या एकदम ठोकून जायचा.

एक दिवस गुंजनने माझ्यासमोरच विषय काढला.

"बाबूजी, मस्टरवर माह्यं नाव लिहा ना."

"घरच्या मानसाचं नाव मस्टरवर?" शेटजी हसले. "लोक काय म्हनतीन?"

"तुमच्या पोराचं हाय ना?"

"थो पोरगा हाय."

"मले पगार नाई पाह्यजे, बाबूजी. नाव पाह्यजे. आर्वीले गेली का आई विचारते, तू करतं काय तिथं दिवसभर? मले सांगताच येत नाई."

तिचा आवाज जरा हलला. शेटजींनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "या तीन मशिनीची कटकट मिटव दसऱ्यापावतर. मंग पाहू."

"पाहू नाई, लिहू म्हना."

"बरं, लिहू. अण्णाजी साक्षीदार."

मला अशा साक्षी देण्याची हौस नाही, पण त्या दिवशी मी मान जोरात हलवली.

गुंजनने तिन्ही जुने डबे काढले आणि नागपूरहून एकच मोठा, दणकट डबा आणवला. शेटजी त्या डब्याभोवती फिरले. "तिघांचं काम हा एकटा करन? मेला तं तिन्ही धंदे बसतीन माहे."

"एकटा नाई, बाबूजी. सर्व्हर म्हनजे डबा नाई, सर्व्हर म्हनजे आतला काम करनारा. या डब्यात तीन सर्व्हर राह्यतीन. एक बसला तरी बाकी दोन चालतीन. दिसनार नाई, पन असतीन. व्हर्च्युअल म्हनतात त्याले."

"काय म्हनतात?"

"व्हर्च्युअल."

दारात उभा असलेला कवडू म्हणाला, "वरचा वाला, शेटजी. वरचा सर्वर."

आमच्याकडे वरचा म्हटलं की एकच. बोलताना माणूस बोटसुद्धा आभाळाकडे करतो. कवडूने तसंच केलं आणि शेटजींचा चेहरा एकदम निवळला. न दिसणारा, तरी असणारा, आणि सगळा कारभार चालवणारा. ही तर त्यांच्या ओळखीची गोष्ट निघाली. गुंजनने दोन-तीनदा दुरुस्ती करून पाहिली आणि मग सोडून दिलं. संध्याकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर बातमी होती की मोतीलालजींनी वरचा सर्वर बसवला.

प्रत्येक सर्व्हरला नाव द्यावं लागतं. गुंजनने नावं सासूबाईंना विचारली, हा तिचा शहाणपणा. सुमित्राबाईंनी जिल्ह्यातल्या नद्यांची नावं ठेवली. दुकानाचा हिशेब यशोदेकडे, काटा वेणेकडे आणि ट्रकचं बुकिंग आमच्या गावच्या कारकडे. ट्रकच्या कामाला कार, यावर कवडू आठवडाभर हसत होता. तिघी मात्र कामाला लागल्या. बुकिंगवाली कार एकदा अडली तेव्हा वेणा तोलत राहिली आणि यशोदा लिहीत राहिली. शेटजींनी ते डोळ्यांनी पाहिलं. मग काय, येईल त्याला ऐकवू लागले, "माह्याकडे तीन हाय. दिसत नाई तुमाले."

मला वाटलं, पोरीने मैदान मारलं. मी मस्टरची रेघ आखायला फूटपट्टीसुद्धा काढून ठेवली.

तेवढ्यात लायसन भरायची वेळ आली.

"तिघींचं भरावं लागन, बाबूजी," गुंजन म्हणाली. "मी करार वाचला. सर्व्हर दिसो का न दिसो, कंपनी त्याले मोजते."

"डबा किती?"

"एक."

"मंग लायसन एक."

"पन काल तुमी तळेगावच्या शेटले सांगत होते ना, तीन हाय म्हनून."

"थे सांगाले तीन. भराले एक," शेटजी म्हणाले आणि मला कंपनीला पत्र लिहायला लावलं. आमच्याकडे आता एकच यंत्र आहे, सबब एकच लायसन. मी म्हटलं, शेटजी, हे बरं दिसत नाही. ते म्हणाले, "तुमाले यंत्र किती दिसते?" मला एकच दिसत होतं. लिहिलं.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला काट्याची पूजा होते, ट्रकची होते, टेलिफोनची होते. माझ्या पेनालाही कुंकू लागतं आणि मग आठवडाभर माझी बोटं लाल राहतात. सुमित्राबाई ताट घेऊन आल्या आणि डब्यासमोर थबकल्या.

"मांगच्या वर्षी कंप्युटरचे तीन नारळ होते. औंदा एक काऊन?"

"डबा एक झाला ना," मी म्हटलं.

"अन् बाकीच्या दोघी काय उपाशी राह्यतीन? सनाचा दिवस हाय, अण्णाजी."

कवडूला बाजारात पिटाळलं. तीन नारळ आले, झेंडूचे तीन हार आले. डब्याच्या तोंडावर कुंकवाची तीन बोटं उमटली आणि सुमित्राबाईंनी स्वतःच्या अक्षरात यशोदा, वेणा, कार अशा तीन चिठ्ठ्या चिकटवल्या. शेटजींनी स्वतः नारळ फोडले. डोळे मिटून म्हणाले, "यशोदामाय, हिशेब सांभाळ. वेणामाय, काटा खरा ठेव. कारमाय, माहे ट्रक सुखरूप आन." पाणी आलं होतं त्यांच्या डोळ्यांत. खोटं नव्हतं ते. शेटजी पूजा करतात तेव्हा मनापासूनच करतात, आणि पत्र लिहवतात तेव्हाही.

गुंजन माझ्या बाजूला उभी होती. हळूच म्हणाली, "अण्णाजी, दसरा झाला."

"उद्या काढतो विषय," मी म्हटलं. सणाच्या दिवशी शेटजींना शब्दाची आठवण द्यायला नको वाटलं.

दुसऱ्या दिवशी विषय काढायच्या आत एक तरुण माणूस ऑफिसात आला. पाठीवर बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. कंपनीच्या नागपूर शाखेतून आला होता.

"नमस्कार. मी आदेश."

"कोनाचा?" शेटजींनी विचारलं.

"नाव आहे माझं."

एकच यंत्र म्हणता, पण मदतीसाठी फोन तिन्ही प्रोग्रामचे येतात, म्हणून जरा पाहायला आलो, असं त्याने सांगितलं. ऑफिसात तेव्हा सोनं द्यायला आलेले शेजारचे दोन दुकानदार बसले होते, पावतीसाठी थांबलेले दोघं ड्रायव्हर होते. शेटजी दिलखुलास म्हणाले, "पाहा ना. हा काय, एकच तं हाय."

आदेशने डबा पाहिला. एकाच डब्याच्या गळ्यात तीन हार, समोर तीन नारळांची शकलं आणि तोंडावर तीन चिठ्ठ्या. त्याच्या ओठांचा कोपरा थोडा हलला.

"हार तीन आहेत."

"झेंडू स्वस्त होता," शेटजी म्हणाले.

प्रसादाची वाटी घेऊन त्याच वेळी सुमित्राबाई आत आल्या. नवऱ्याचं बोलणं ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असं काऊन बोलता जी? तिघींचे तीन हाय." आणि पाहुण्याला नीट ओळख करून दिली. "हे यशोदा, हिशेब पाहते. हे वेणा, काटा पाहते. अन् हे कार. तिघी लय गुनाच्या हाय, बाबू. घ्या, परसाद घ्या."

आदेशने दोन्ही हातांनी प्रसाद घेतला. शेटजींचा चेहरा काट्यावर चुकून जास्त माल चढल्यासारखा झाला होता, पण माणूस हार मानणारा नाही.

"हे श्रद्धेचं हाय, साहेब. श्रद्धेले लायसन लागत नाई."

"बरोबर आहे, काका. श्रद्धेला नाही लागत. पण पावत्या श्रद्धा छापते का?"

शेजारचा एक दुकानदार हसला. आदेश गुंजनकडे वळला. "मॅडम, हे तुम्ही बसवलं ना? मग तुम्हीच सांगा. किती सर्व्हर आहेत?"

गुंजन एक म्हणाली असती तर शेटजी खूश झाले असते, दुपारी मस्टर निघालं असतं आणि मीच माझ्या हाताने नाव लिहिलं असतं. पण मग गेले काही महिने ती जे सगळ्यांच्या गळी उतरवत होती, आत तिघी आहेत, काम करतात, दिसत नसल्या तरी आहेत, ते तिचं तिनेच पुसलं असतं. शेटजी तिच्याकडे पाहत होते. अशा वेळी ते डोळे मोठे करत नाहीत, उलट फार मायेने पाहतात. मला त्या नजरेची भीती वाटते.

गुंजनने पदर सारखा केला.

"तीन," ती म्हणाली.

शेटजींनी चेकबुक काढलं आणि तिघींचं लायसन भरलं. आदेशने एक फॉर्म पुढे केला. त्यात सर्व्हर सांभाळणाऱ्याचं नाव लिहायचं होतं.

"लिहा, अंकित," शेटजी म्हणाले.

"मॅडमचं नाही?"

"थे घरचीच हाय. तिले काय मोजता?"

आदेशने एकदा गुंजनकडे पाहिलं, पण तो लायसनसाठी आला होता, घर सुधारायला नाही. त्याने अंकित लिहिलं, नमस्कार केला आणि नागपूरच्या बसला हात दाखवला.

तो गेल्यावर शेटजी गुंजनला म्हणाले, "मस्टरचं आता पुढच्या दसऱ्याले पाहू, बेटा. या वर्षीचा खर्च तूच वाढवला."

"शेटजी, शब्द दिला होता तुमी," मी म्हटलं. "अन् मले साक्षीदार केलं होतं."

"तुमी तुमचा हिशेब पाहा, अण्णाजी."

मला भयंकर राग आला. न दिसणाऱ्या तिघींचे पैसे मुकाट मोजले आणि रोज डोळ्यांसमोर बसणारी एक यांना मोजता येईना. मी हे बोलणारच होतो, पण गुंजनने मला डोळ्यांनी गप्प केलं. तिने वेणेचं काम पाहिलं, रांगेतले ट्रक संपवले आणि नेहमीच्या वेळेला संध्याकाळच्या स्वयंपाकाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

सकाळी लाइन गेली आणि आली. डबा आपला आपण सुरू झाला, हिरवा दिवा लागला, पंखा घुमू लागला. पण काट्यावर ट्रक चढला आणि पडद्यावर वजन उमटेना. दुसरा ट्रक मागे लागला, तिसरा लागला. हॉर्न वाजू लागले. अंकितला घरून बोलावलं. कागदोपत्री सर्व्हर तोच सांभाळत होता. त्याने डब्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालू तं हाय."

"मंग वजन काऊन येत नाई?" शेटजी ओरडले.

"आतल्या तिघींले उठवा लागते, बाबूजी. लाइन गेली का गुंजन उठवते रोज. कसं उठवते ते मले नाई माहीत."

शेटजी डब्यापुढे गेले. झेंडू सुकायला लागला होता. त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहून हळूच हात जोडले, हे मी पाहिलं. वेणामाय काही उठली नाही.

"कवडू, जा, सूनबाईले बोलाव."

घर काट्याच्या मागेच. कवडू गेला आणि एकटाच परत आला. त्याला ते सांगताना फार आनंद होत होता आणि तो लपवायचा प्रयत्न तो करत नव्हता.

"वैनी म्हनते, मी घरचीच हाओ, म्हनून घरीच हाओ."

रांग धाब्यापर्यंत गेली होती. एक ड्रायव्हर उतरून आला आणि त्याने शेटजींना हिंदीत असं काही सुनावलं की मला इथे लिहिता येत नाही. शेटजींनी रांगेवर नजर टाकली. मग म्हणाले, "अण्णाजी, मस्टर घ्या अन् चाला माह्यासंगं."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आम्ही दोघं. गुंजन मेथी निवडत होती, सुमित्राबाई कणीक मळत होत्या. कणीक मळता मळता त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की रात्री इथे काय बोलणं झालं असेल ते मला कळलं. तीन नारळ एका डब्यासमोर ठेवणारी बाई ती, तिला मोजणं कोणी शिकवायची गरज नव्हती.

"लिहा, अण्णाजी," शेटजी म्हणाले.

मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. हुद्द्याच्या रकान्याशी थांबलो.

"काय लिहू?"

गुंजनच म्हणाली, "सर्व्हर सांभाळनारी."

मी तेच लिहिलं. तिने हात धुतले, पुसले आणि सही केली. घाई केली नाही. बाहेर हॉर्न वाजत होते, ते तिने वाजू दिले. एवढी सावकाश केलेली सही मी मस्टरवर दुसरी पाहिलेली नाही. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी पेनाचं टोपण शोधत बसलो.

ती ऑफिसात आली, तिघींना उठवलं आणि काटा चालू झाला. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर अजून धुमसत होता. "शेटजी, इतना टाइम काऊन लागला?"

"आमच्या मॅडम आल्या नव्हत्या," शेटजी म्हणाले. असा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"कोन मॅडम? हे तं तुमची सून हाय ना?"

"सून घरी. काट्यावर मॅडम." शेटजींनाही आपलं बोलणं आवडलं. ते खुर्चीत रेलून बसले, चहा मागवला. थोड्या वेळाने गुंजनकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, आज संध्याकाळी तळेगावचे पाहुने जेवाले हाय. सूनबाईले सांगून ठेवजो, वांग्याची भाजी अन् पुरनपोळी करन."

गुंजनने पडद्यावरची नजर काढली नाही. बोटं पावती छापतच होती.

"सांगते, बाबूजी," ती म्हणाली. "पन आता दोघी झालो ना आमी. दोघींचं लायसन लागन."